नवटाक ते नेग्रोनी

गेल्या काही वर्षांत मुंबईत, आणि तिथून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यातही, पाटी नसलेले बार निघू लागले आहेत. लिफ्टमधून उतरावे तर समोर पुस्तकांचे कपाट किंवा जुन्या पद्धतीचे टेलिफोनचे खोके. कपाट एका कडेने ढकलले की तेच दार होते. आत मंद उजेड, लांब लाकडी काउंटर, मागे फळ्यांवर बाटल्यांच्या ओळी आणि हातात शेकर घेतलेला एखादा तरुण किंवा तरुणी. याला स्पीकईझी म्हणतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात चोरून चालणाऱ्या गुत्त्यांची ही नक्कल. साशा पेट्रास्के नावाच्या माणसाने ३१ डिसेंबर १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘मिल्क अँड हनी’ हा चिमुकला बार काढला आणि तिथून हे लोण जगभर गेले. इमारतीतल्या रहिवाशांना त्रास नको म्हणून त्याने पाटी लावली नाही, आवाज वाढू दिला नाही, आणि गिऱ्हाइकांसाठी वागण्याचे नियम लिहून ठेवले.

आमच्या भागाला आडोशाला बसून पिणे नवे नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात दोन पिढ्यांनी ते पाहिले आहे. तेव्हा दार लपवायचे ते पोलिसांपासून आणि ओळखीच्या नजरांपासून. आज लपवतात ते गंमत म्हणून. मला दारापेक्षा आत मिळणारी वागणूक महत्त्वाची वाटते. पुढ्यात ग्लास ठेवणाऱ्याने पिणाऱ्याची काळजी घ्यावी, ही चांगल्या सर्व्हिसची माझी साधी व्याख्या आहे. त्या एका कसोटीवर मी तेव्हाचे आणि आताचे दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे.

आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्याचे दारूशी नाते दारूबंदीहून फार जुने. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याकडच्या वारली, ठाकर, कातकरी पाड्यांवर मोहाची फुले वेचून दारू गाळायची रीत पिढ्यान् पिढ्यांची. किनाऱ्याला भंडारी लोक माडावर चढून माडी उतरवत. वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाला खिमाड केले जाई: गावठी दारूत दालचिनी, लवंग असे मसाले आणि गोडवा घालून ऊन ऊन प्यायचे. कॉकटेल म्हणजे साहेबाची गोष्ट असे समजणाऱ्यांनी खिमाड आठवावे. इंग्रजांना या घरच्या दारूतून फारसा महसूल मिळत नव्हता. १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यांनी गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या कारखान्यांत आणली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या उरणला पारशी मालकांच्या मोठ्या भट्ट्या होत्या, मोहाचीच दारू गाळणाऱ्या. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदाच झाला. स्वतःच्या रानातले फूल वेचणारा आदिवासी गुन्हेगार ठरला. चोरून पिण्याची सुरुवात आमच्याकडे अशी झाली.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण मुंबई राज्यात बंदी. मोरारजी देसाई तिचे खंदे पुरस्कर्ते. एफ. एन. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला. औषधे आणि प्रसाधनांत असणाऱ्या अल्कोहोलबद्दलची आणि इतर काही कलमे रद्द केली. ज्यांना डॉक्टरांचा दाखला मिळवणे परवडे, त्यांना परमिट मिळे. गिरणीतल्या, गोदीतल्या, रेल्वेच्या वर्कशॉपातल्या माणसाला कुठले परमिट? त्याच्यासाठी अड्डा होता.

माझे काका परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. मी डोंबिवलीत वाढलो, आणि अड्ड्याच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकतच मोठा झालो. मुंबईत आंटीचे अड्डे प्रसिद्ध होते. आंटी म्हणजे बहुधा गोव्याकडची किंवा ईस्ट इंडियन ख्रिस्ती बाई, बरेचदा विधवा, घरातल्या पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकून पोराबाळांचे पोट भरणारी. माल येई तो खाडीकडून. ठाणे, मुंब्रा, दिवा, कल्याण या बाजूच्या खाड्यांच्या कडेला तिवरांच्या आडोशाने हातभट्ट्या लागत. काळा गूळ आणि नवसागर टाकून रसायन आंबवायचे, पिंपात उकळायचे, थंड नळीतून थेंब थेंब धरायचे. पहिल्या धारेची सर्वांत कडक. टायरच्या ट्यूबमध्ये भरून ती होडीतून, गाडीतून, कुणाच्या पोटाला बांधून शहरात पोचे. दशमान पद्धत आली तरी अड्ड्यावरचे माप शेरातच राहिले. शेराचा आठवा हिस्सा म्हणजे नवटाक. ‘एक नवटाक मारून येतो’ म्हटले की कुणाला काही समजावून सांगावे लागत नसे.

काका सांगत, आंटी उभ्या उभ्या प्यायला देत नसे. आधी बस, मग ग्लास. ग्लासाबरोबर बशीत खारे चणे, मीठमिरची लावलेले उकडलेले अंडे. रिकाम्या पोटी आलेल्याला ती आधी अंडे खायला लावी. पगाराच्या दिवशी कुणी खिशातले सगळे पैसे बाहेर काढले, तर त्यातले थोडे स्वतःकडे ठेवून घेई आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोच्या हातात देई. तिसरे नवटाक मागणाऱ्याला कधी कधी स्पष्ट सांगे, ‘बस झालं आता, घरी जा, ती वाट बघत बसली असेल.’ आणि तो मुकाट उठे. पोलिसांना हप्ता देणारी, कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असलेली ती बाई आपल्या दारात आलेल्या माणसाची जबाबदारी मात्र स्वतःची मानत असे. काकांच्या बोलण्यात तिच्याविषयी जो आदर होता, तो पुढे मी कुठल्याही पंचतारांकित हॉटेलच्या मॅनेजरविषयी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

स्मरणरंजनाच्या भरात मला त्या काळाची काळी बाजू झाकायची नाही. त्या दारूत काय आहे हे पिणाऱ्याला कळत नसे. कारखान्यातले मिथिल अल्कोहोल स्वस्त म्हणून त्यात मिसळले की माणूस आधी आंधळा होतो आणि मग मरतो. ही गोष्ट दारूबंदीबरोबर संपलीही नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक हातावर पोट असलेली. शिवाय घरी वाट पाहणाऱ्या बायकांनी काय भोगले, ते कुठल्याच अड्ड्याच्या आठवणीत येत नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी पुढे मतदान करून गावोगाव बाटली आडवी केली, ती उगाच नाही.

१९६३ च्या डिसेंबरात वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि बंदीची पकड हळूहळू सैल झाली. सत्तरच्या दशकात देशी दारूची सरकारमान्य दुकाने आली आणि गावोगाव परमिट रूम उघडल्या. कायदा मात्र गेला नाही. २०१२ मध्ये त्याच्या नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, एवढेच. आजही या राज्यात दारू प्यायची तर कागदोपत्री परवाना लागतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. बारच्या पाटीवर अजून ‘परमिट रूम’ लिहिलेले असते ते त्यामुळे.

माझ्या पिढीची जडणघडण या परमिट रूममध्ये झाली. ऐंशीच्या दशकात मी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागलो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. शेकडो लहानमोठे कारखाने, तीन पाळ्या. संध्याकाळी पाळी सुटली की चेकनाक्यापासून स्टेशनपर्यंतच्या परमिट रूम भरत. बाहेर काळ्या काचा, आत जाड पडदा, पडद्यामागे लालसर दिवा. एसीचा कप्पा वेगळा, त्याचा दर वेगळा. गल्ल्यावर शेट्टी, मागे गणपती आणि उदबत्ती. ‘फॅमिली रूम’ असे लिहिलेले दालन असे, पण तिथे फॅमिली क्वचितच दिसे.

डोंबिवलीची रीत तर औरच होती. गणपती मंदिर, फडके रोड, वाचनालये, शास्त्रीय संगीताच्या मैफली यांच्या गावात बारमधून बाहेर पडताना कुणी पाहिले तर? म्हणून डोंबिवलीकर कल्याणला जाऊन बसे आणि कल्याणकर ठाण्याला. कुणाकडे स्कूटर असेल तर भिवंडी रस्त्याला कोनगावच्या ढाब्यांवर, मुरबाड रस्त्याला किंवा तेव्हाच्या रानातल्या घोडबंदर रोडवर. वाइन शॉपमधून घेतलेली क्वार्टर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर भाजीची जुडी ठेवून घरी न्यायची. मित्राकडे बसायचे ठरले तर खिडक्या आधी बंद व्हायच्या, ग्लास नंतर निघायचे. कायद्याची बंदी सैल झाली होती. नजरांची बंदी तशीच होती.

त्या परमिट रूममध्ये मी पहिल्यांदा खरी सर्व्हिस पाहिली. आमच्या टेबलाचा वेटर उडुपीकडचा, पन्नाशीचा, पांढरा सदरा, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, तो आम्हाला साहेब. बाटली आधी दाखवायचा, लेबल आमच्याकडे करून. मग पेगचे माप ग्लासाच्या तोंडावर आडवे धरून काठोकाठ भरायचा, इतके की चार थेंब ओघळून ग्लासातच पडत. तीस मिलिलिटरचा स्मॉल, साठचा लार्ज. मग सोड्याची बाटली फोडून, ग्लास किंचित तिरका करून कडेने सोडा ओतायचा, म्हणजे गॅस टिकतो. पाणी विचारून: किती, थंड की साधे. बर्फ शेवटी, चिमट्याने. हाताने बर्फ टाकणाऱ्या पोऱ्याला त्याने आमच्यासमोर दटावलेले आठवते. शेजारी शेंगदाणे, चणाडाळ, मीठ-लिंबू लावलेली काकडी. बशी रिकामी झाली की न मागता भरलेली.

सगळीकडे असे नव्हते. जाड बुडाची मापे ठेवणारे बारही होते. चौथ्या पेगनंतर स्वस्त माल महागाच्या भावात देणारेही होते. ठाण्यातल्या एका बारमध्ये आमच्या ग्रुपच्या बिलात न मागवलेले दोन पेग नेहमी निघत. आम्ही तिथे जाणे सोडले. म्हणूनच अण्णाची किंमत कळली. कोण कुठे राहतो, कोणाची शेवटची गाडी कोणती, हे त्याला तोंडपाठ. कर्जतवाल्याला तो घड्याळाकडे बोट दाखवून म्हणायचा, ‘साहेब, आता रिपीट नको, गाडी जाईल.’ आमच्यातल्या एकाची नोकरी गेली, कंपनीला टाळे लागले, आणि तो रोज येऊ लागला. अण्णाने त्याला एकदा टेबलावर ग्लासाऐवजी जेवणाचे ताट आणून ठेवले आणि पैसे घेतले नाहीत. कुणी कसले भाषण केले नाही. त्या मित्राने मला बऱ्याच वर्षांनी हे सांगितले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

परमिट रूमची कॉकटेल म्हणजे काय, तर ओल्ड मंकमध्ये थम्स अप, जिनमध्ये लाइम कॉर्डियल, नाहीतर नुसता सोडा. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर निळ्याहिरव्या नावांची यादी असे. ती कुणी मागवत नसे आणि मागवलीच तर अण्णा स्वतःच सांगे, ‘नको साहेब, नुसतं सरबत आहे.’ खरेपणा हा त्याच्या सर्व्हिसचा पाया होता.

पुढे काळ बदलला. नव्वदीत ठाणे, कल्याण, पनवेल पट्ट्यात डान्सबार वाढले. २००५ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदी आणली आणि कोर्टकज्जे वर्षानुवर्षे चालले. त्या सगळ्या गदारोळात साध्या परमिट रूमचीही अब्रू गेली. वागळेतल्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. कारखान्यांच्या जागी ऑफिसे, मॉल आणि टॉवर आले. घोडबंदर रोडचे रान जाऊन तिथे शहर वसले. पाळी सुटून येणारा कामगारच उरला नाही, तर त्याची परमिट रूम कशी उरणार?

आता आजचे दृश्य. भाचीने वाढदिवसाला मला घोडबंदर रोडच्या अशाच एका कपाटामागच्या बारमध्ये नेले. ती, तिचा नवरा, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. काउंटरच्या मागे एक मुलगी उभी होती, कल्याणची. बारटेंडिंगचा कोर्स करून या कामाला लागली होती. आम्ही बसताच तिने प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मेनू हातात देण्याआधी विचारले, ‘आंबट आवडतं की कडवट? गोड किती चालेल?’ मी म्हटले, कडवट चालेल, गोड नको. तिने नेग्रोनी सुचवली: जिन, कँपारी आणि गोड व्हर्मुथ, तिन्ही सारख्या मापाने. मोठ्या काचेच्या भांड्यात बर्फ घालून लांब दांड्याच्या चमच्याने ती ढवळत राहिली, आवाज न करता. का ढवळते विचारले तर म्हणाली, बर्फ थोडा वितळायला हवा. ते पाणीसुद्धा कृतीचाच भाग आहे, नाहीतर घशाला लागते. ग्लासात एकच मोठा बर्फाचा ठोकळा होता, काचेसारखा पारदर्शक. एकाच दिशेने सावकाश गोठवला की हवा बाहेर ढकलली जाते, म्हणून तो पांढरा होत नाही आणि उशिरा वितळतो. वर संत्र्याच्या सालीचा पिळ, त्याचे तेल ग्लासाच्या काठावर फिरवलेले.

भाचीसाठी तिने दुसरे केले. गोव्यात गाळलेली जिन, कोकमाचे आगळ, चिमूटभर सैंधव, उभी चिरलेली हिरवी मिरची. मोजणी जिगर नावाच्या छोट्या मापाने, थेंबाचाही हिशोब. मी एक घोट घेतला आणि मला आजोळची सोलकढी आठवली. इतकी वर्षे आपण कोकम पितो. त्याला बारच्या काउंटरवर मान मिळालेला पाहून मला मनापासून आनंद झाला. २०१७ नंतर आपल्याकडे चांगली देशी जिन तयार होऊ लागली, गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि मोहाची फुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. १८९२ पासून चालत आलेल्या एका अन्यायाची ही उशिराची भरपाई आहे, असे मी मानतो.

मला सगळ्यांत जास्त भावले ते त्या टेबलावरचे वातावरण. तीन बायका निवांत बसल्या होत्या आणि शेजारच्या टेबलावरून कुणी वळून पाहत नव्हते. पेट्रास्केच्या नियमांत एक असा होता, की अनोळखी बाईशी पुरुषाने आपणहून ओळख काढायला जायचे नाही. इथे तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता. आमच्या परमिट रूममध्ये या तिघींना पडद्याआत पाऊल टाकता आले नसते. अड्ड्यावर दारू देणारी बाई होती, पिणारी नव्हती; परमिट रूममध्ये दोन्ही नव्हत्या. मुंबईत शतभी बसू यांनी १९८१ मध्ये बारच्या मागे उभे राहायला सुरुवात केली. देशातली पहिली बाई बारटेंडर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आणि दारू दिली जाते तिथे बायकांना नोकरीच देऊ नये असा दिल्लीत लागू असलेला जुना नियम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. कल्याणची ती मुलगी त्या काउंटरमागे ताठ उभी आहे, यामागे एवढा प्रवास आहे. आताच्या काळाचे माझ्या लेखी सर्वांत मोठे देणे हेच.

दुसरा ग्लास संपला आणि भाचीच्या नवऱ्याने आणखी एक मागवायला हात वर केला. त्या मुलीने हसून विचारले, ‘गाडी तुम्हीच चालवणार का, सर?’ तो हो म्हणाला. तिने लिंबू, आले आणि सोड्याचा एक बिनदारूचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितले, ‘हा माझ्याकडून.’ चेहऱ्यावर कसलाही उपदेश नाही, आवाजात आदर. रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, हे तिला तोंडपाठ होते. पण तिने धाक घातला नाही, काळजी घेतली. आंटी घरी पाठवायची, अण्णा गाडीची वेळ सांगायचा, ही मुलगी बिनदारूचा ग्लास पुढे करते. तीन पिढ्या, तीन दारे, आणि धर्म एकच.

मग हरवले काय? माझ्या मते सर्वांत आधी हरवला तो साधा माणूस. आमच्या त्या संध्याकाळच्या बिलाचा आकडा पाहिला, तेव्हा वागळेतला पाळीवाला डोळ्यांपुढे आला. त्याला या कपाटामागे जागा नाही. बारमधल्या दारूवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचावरून दहा टक्के झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क आणखी वाढवले. कर वाढला की चांगल्या बारमधला पेग महागतो आणि कमी पैशांचा माणूस वाइन शॉपबाहेरच्या अंधाऱ्या गल्लीत, प्लास्टिकच्या ग्लासात, रिकाम्या पोटी, घाईघाईने पितो. त्याला तिथे चणे देणारे कुणी नाही, गाडीची वेळ सांगणारे कुणी नाही, आणि बस झाले म्हणणारे तर नाहीच नाही.

दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे ओळख. अण्णा वर्षानुवर्षे एकाच बारमध्ये होता. आजच्या बारमधला मुलगा सहा महिन्यांत दुसरीकडे जातो, कारण पगार तिथे दोन पैसे जास्त असतो आणि रात्री दीडला कल्याणला परत जायची सोय मालक करत नाही. गिऱ्हाइकाची सवय कळायला वेळ लागतो. तो वेळ नोकराला मिळाला नाही, तर कितीही कौशल्य असो, सर्व्हिस कोरडीच राहते.

म्हणून माझे मागणे दोन्ही बाजूंना आहे. बार चालवणाऱ्यांनो, तुमचे कपाटाचे दार सुंदर आहे. त्यामागे दोन-तीन साधी, परवडणारी पेये आणि चण्याची फुकट बशी ठेवा. खिमाड, मोह, माडी, कोकम ही या मातीची चव मेनूवर आणा आणि ती कुठून आली तेही सांगा. तुमच्या मुलांना आणि विशेषतः मुलींना रात्री घरी सोडायची गाडी द्या, आणि त्यांना तुमच्याकडे वर्षे काढता येतील एवढा पगार द्या. सरकारला सांगणे एवढेच, की कराचे गणित करताना वाइन शॉपबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाचाही विचार व्हावा.

आणि वाचकहो, तुम्ही पीत असाल तर पोटात काही घालून बसा, प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी प्या, आणि गाडी घरी ठेवून लोकलने किंवा रिक्षाने जा. वेटरला नावाने हाक मारा, टीप त्याच्या हातात द्या. तुमचा बार कोणता, हे त्याच्या दारावरून, पाटीवरून किंवा नेग्रोनीच्या चवीवरून ठरवू नका. ज्या जागी तुम्हाला ‘आता पुरे’ असे आदराने सांगणारा माणूस आहे, ती जागा निवडा. आणि त्याने तसे सांगितले, की त्याचे ऐका.